दाराआडचं थोपटणं

त्या दिवशी मी बटणं लावलेले शर्ट द्यायला कारखान्यात गेले होते. कारखाना म्हणजे काय, एका जुन्या इमारतीच्या तळघरात मांडलेली शिलाई मशिनं. घरी बसून बटणं लावायची, गठ्ठा नेऊन द्यायचा, नवीन गठ्ठा आणायचा, एवढं माझं काम. ठकू कडेवर होती. नुकती बसायला शिकलेली, हाताला लागेल ते तोंडात घालणारी. कटिंगमास्तर शर्ट उलटेपालटे करून बघत होते. मशिनं चालू होती, तेलाचा आणि तापलेल्या इस्त्रीचा वास होता. रोजचंच सगळं.

आणि मशिनांचा आवाज एकाएकी लांब गेला. कुणी दोन्ही कानांवर उशा दाबाव्यात तसा. छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, श्वास आत जाईना. वाटलं, आता आपण जातोय. इथेच, या चिंध्यांमध्ये. मी ठकूला चिंध्यांच्या ढिगावर ठेवलं आणि खाली बसले.

"बाई, उपाशीपोटी आलात वाटतं," मास्तर म्हणाले आणि पाण्याचा पेला पुढे केला. "आणि बटणं बघून लावत जा जरा. हा शर्ट घालणाऱ्याला मान तिरकी करून हिंडावं लागेल."

मी हसलेसुद्धा. थोड्या वेळानं सगळं ओसरलं.

दवाखान्यात छातीला वायरी लावून कागद काढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय ठणठणीत आहे, हा भीतीचा झटका आहे, बाळंतपणानंतर काही जणींना होतो. गोळ्या लिहून दिल्या. मी त्या आणल्या, पण घ्यायची हिंमत होईना. ठकू अंगावर पीत होती.

सासूबाई भेटायला आल्या. त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला एकट्याच राहतात. कशालाही न भिणारी बाई. सासरे गेले त्या दिवशी रडणाऱ्या माणसांना पाणी त्यांनीच दिलं होतं.

"भीती कसली गं?" त्या म्हणाल्या. "घरात काय वाघ बांधलाय?"

मी काय सांगणार? वाघ असता तर बोट दाखवलं असतं.

मग टबातलं झालं. ठकूला अंघोळ घालत होते. तिची मान माझ्या पंजावर होती आणि पंजाच नाहीसा झाला. म्हणजे होता, पण माझा नव्हता. ती पाण्यात सरकताना मला दिसत होती. नवरा घरात होता म्हणून निभावलं. त्यानं तिला उचललं, ती शिंकली आणि हसली. मी मात्र मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहिले.

रात्री जेवताना तो म्हणाला, "रागावू नकोस. पण परत असं झालं तर ठकू काही दिवस आईकडे राहील. मी बस चालवतो, समोर रस्ता असतो आणि मला टबच दिसतो."

काही दिवस म्हणजे किती, हे विचारायच्या आत तो हात धुवायला उठला.

खालच्या मजल्यावर एक म्हातारी नर्स राहते, सगळे तिला सिस्टर म्हणतात. मी तिच्याकडे गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तू मरत नाहीस," ती म्हणाली. "ती लाट आहे. येते, डोक्यावरून जाते. भिंतीला पाठ लाव आणि श्वास सावकाश सोड. घ्यायची घाई नको, सोडण्याकडे बघ. पण त्याआधी पोरीला पाळण्यात ठेव, दार लोटून घे. रडली तर रडू दे, रडून कुणी तुटत नाही. मग खुशाल घाबर. आणि त्या गोळ्या घे, मला ठाऊक आहेत त्या, पिणाऱ्या पोराला चालतात."

मी गोळ्या सुरू केल्या. गुण यायला वेळ लागेल, असं तिनं बजावलं होतं.

दुपारी आमच्या इमारतीत कुणी नसतं. सगळे कामावर. लिफ्टच्या दोराचा आवाज तेवढा भिंतीतून वरखाली होत राहतो. अशाच एका दुपारी सुईत दोरा ओवताना बोटांना मुंग्या आल्या. मी ठकूला पाळण्यात ठेवलं, खोलीचं दार ओढून घेतलं, स्वयंपाकघरात जाऊन कपाटाला पाठ लावली. तिकडे ठकूनं आकांत मांडला. तिच्या प्रत्येक किंकाळीसरशी माझ्या छातीत काहीतरी वर चढायचं. श्वास सोडायचा म्हटलं तर सुटेना.

मग रडण्याचा हुंदका झाला. हुंदक्याची कुरकुर झाली. आणि त्या कुरकुरीखाली दुसराच आवाज ऐकू आला.

थप्… थप्… थप्…

उघड्या पंजानं मुलाची पाठ थोपटावी तसा. सावकाश. घाई नसलेल्या माणसाचा.

मला वाटलं, नवरा लवकर आला. आणि तुम्हाला खरं सांगते, त्या थोपटण्याच्या ठेक्यावर माझाही श्वास सुटायला लागला. जागेवर आला. श्वास आला आणि तिकडे थोपटणं थांबलं.

दार उघडून म्हटलं, "अहो, कधी आलात?"

खोलीत कुणी नव्हतं. खिडकी बंद. ठकू झोपलेली. मी तिला नेहमी उताणी झोपवते. ती कुशीवर होती, भिंतीकडे तोंड करून, आणि दुपट्याची टोकं पायांखाली नीट दुमडून घातलेली. खोलीत दूध करपल्याचा वास होता. मी जाऊन गॅस बघितला. त्या दिवशी घरात दूध नव्हतंच.

कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर म्हणाले असते, आता हिला आवाजही ऐकू येतात. ठकूची पिशवी त्याच संध्याकाळी भरली गेली असती.

नंतर ते नेहमीचं झालं. मला झटका आला की दार लोटायचं, आणि दाराआड थोपटणं सुरू. माझा श्वास आला की ते बंद. एकदा मी धीर करून मध्येच दार ढकललं. आवाज थांबला. पण ठकूच्या पाठीवर दुपटं पंजाएवढं दबलेलं होतं, आणि माझ्या डोळ्यांसमोर हळूहळू वर येत होतं. डोकं उचलल्यावर उशी येते तसं.

त्यानंतर मी मध्येच दार उघडलं नाही. भीती वाटायची. पण ठकू शांत झोपायची हेही खरं. जे मला जमत नव्हतं ते कुणीतरी करत होतं. मी मनातल्या मनात त्याला बरं म्हणू लागले.

मग गोळ्या लागू पडल्या. झटके विरळ झाले, आणि नंतर नाहीतच. मी कारखान्यात जाऊन आले, लिफ्टनं वर आले, ठकूला टबात अंघोळ घातली. नवरा शिट्टी वाजवत कामावर जायला लागला. सिस्टर म्हणाली, "बघ, सुटलीस."

सुटले मी. ठकू नाही सुटली.

ती झोपेना. मी थोपटायला हात ठेवला की ती अंग आक्रसून घ्यायची. माझं बोट धरून बाजूला करायची. पाळण्याच्या पलीकडे भिंतीचा कोपरा आहे, तिथे काही ठेवलेलं नाही. त्या कोपऱ्याकडे बघून ती दोन्ही हात वर करायची, उचलून घे म्हणून. आणि कुणी उचलेना की रडायची, ते रडणं रात्र आणि दिवस एक करणारं. डोळ्यांखाली काळं आलं. पीत नव्हती. दवाखान्यात म्हणाले, दात येत असतील.

सासूबाई येऊन बघून गेल्या. "आईचा हात नको असलेलं पोर मी पहिल्यांदा बघते," असं त्या मला नाही, नवऱ्याला म्हणाल्या. पण मला ऐकू जाईल अशा बेतानं. "मी घेऊन जाते हिला. हिची आई ठीक झाली की आणून सोडेन."

"आई, मी ठीक आहे," मी म्हटलं.

"मग पोर का वाळतंय?"

 याचं उत्तर मला ठाऊक होतं, पण ते देता येण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठकूचा आवाज बसला. रडायची, पण आवाज निघायचा नाही, नुसतं तोंड उघडं. मी तिला पाळण्यात ठेवलं, दार ओढलं आणि स्वयंपाकघरात कपाटाला पाठ लावून बसले. या वेळी झटका आला नव्हता. मी त्याला बोलावत होते. भराभर श्वास घेतले. टब आठवला. पाण्यात सरकणारी मान आठवली. बोटांना मुंग्या आल्या, कान बधिर झाले, आणि मग आलाच तो, ओळखीच्या माणसासारखा.

थप्… थप्… थप्…

संध्याकाळी मी गोळ्या बेसिनमध्ये ओतल्या.

रोज तेच करत गेले. ठकूच्या गालांवर रंग आला. पण काही दिवसांनी टब पुरेना. मग मला असं आठवावं लागायचं की त्या दिवशी नवरा घरी नव्हता. पुढचं मी लिहीत नाही.

सासूबाईंनी मात्र ठरवलेलं होतं. एका दुपारी टॅक्सी खाली उभी करून त्या रिकामी पिशवी घेऊन आल्या. ठकू त्यांना बघून भोकाड पसरून रडायला लागली. मी म्हटलं, "तुम्ही जरा टेका, मी हिला झोपवते, मग बोलू." त्या म्हणाल्या, "झोपवून दाखव म्हणजे झालं." आणि बाहेरच्या खुर्चीत बसल्या.

ठकूला पाळण्यात ठेवून, खोलीचं दार लोटून मी स्वयंपाकघरात आले आणि तेही दार लावून घेतलं. या बाईला एकदा शांत झोपलेलं पोर दिसू दे, एवढंच मनात होतं. ठकू जाणार या विचारानंच झटका आला, काही आठवावं लागलं नाही. इतका मोठा की मी आडवी झाले. गाल फरशीला टेकलेला. तिकडे थोपटणं सुरू झालं. ठकू गप्प झाली. मग खुर्ची सरकली, आणि सासूबाईंची पावलं खोलीकडे गेली.

"झोपली की गं," त्या म्हणाल्या. "अशी कशी झोपली?"

"सवय झाली आता," कुणीतरी हळूच म्हणालं.

आवाज माझा होता.

मला ओरडायचं होतं. छातीत हवाच नव्हती.

"मग मी नेत नाही," सासूबाई म्हणाल्या. थांबून म्हणाल्या, "हात फार गार आहेत तुझे… पण बरं वाटतंय. राहू दे पाठीवर."

 मग बराच वेळ नुसतं थप्… थप्… आणि दाराखालून येणारा करपलेल्या दुधाचा वास. मग बाहेरचं दार उघडलं, लागलं, आणि लिफ्ट खाली गेली. थोपटणं थांबलं. पण माझा श्वास आला नव्हता. असं आधी कधी झालं नव्हतं. तो माझा मलाच आणावा लागला, भिंत धरून, सोडत सोडत.

ठकू झोपली होती. पिशवी खुर्चीवर तशीच होती. मी ती घडी घालून कपाटात टाकली. खूप दिवसांनी मी भाजी चिरताना गुणगुणले.

नवरा संध्याकाळी आला, पिशवी-बिशवी काही दिसेना म्हणून खुशीत होता. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. त्यानं फोन स्पीकरवर टाकला.

"काय रे… पोहोचले मी." त्या कुजबुजत होत्या. सासूबाई कधी कुजबुजत नाहीत.

"आई, आवाज असा का?"

"काही नाही… छातीत जरा धडधडतंय. टॅक्सीत बसल्यापासून. हाताला मुंग्या येतायत… होईल कमी."

"तू एकटी आहेस. मी येऊ का?"

"एकटी कशी? सूनबाई आहे की. आपणहून माझ्यासोबत आली. मघापासून थोपटत बसलीय… बरं झालं, आली ती."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्या एका हातात सुई होती, मांडीवर शर्ट.

"आई… कोण आहे तिथे?"

"घे, तिच्याशीच बोल."

फोनमध्ये खसफस झाली. मागचा थप् थप् आवाज थांबला.

"अहो," पलीकडून माझा आवाज आला. दम न लागलेला, झोप पूर्ण झालेल्या बाईचा. "ठकू उठली बघा."

आतल्या खोलीत काहीच आवाज नव्हता. आम्ही दोघं दाराकडे बघत राहिलो.

मग पाळण्याची कडी करकरली.