लोव्रोला गार लागतं

दुकानात आलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे मी नंतर बघते, आधी पावलांकडे. तीस वर्षांची सवय आहे. बिस्त्रित्साच्या स्टेशनासमोर आमचं मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे. वडिलांनी काढलं, आता मी चालवते आणि मुलगी लुब्लियाना शहरात गेल्यापासून वरच्या मजल्यावर एकटी राहते. गळ, दोऱ्या, काठ्या असतातच, पण थंडीत खरी मागणी वेडरला असते. वेडर म्हणजे छातीपर्यंत येणारी, पायमोज्यासकट अखंड जोडलेली विजार, आणि तिच्यावरून चढवायचे जाड बूट. सुलेत्स हा मोठा मासा ऐन हिवाळ्यात लागतो. चार अंशांच्या पाण्यात चार-चार तास उभं राहायची तयारी हवी, नाहीतर माणसानं घरी शेगडीजवळ बसावं आणि शेजाऱ्याच्या माशाला नावं ठेवावीत.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, पावणेअकराच्या गाडीनंतर, एक माणूस आत आला. पावलं बेचाळीस नंबरची, बूट डोंगरातले, कडांना माती. रेल्वेच्या बोगद्यापलीकडचा असणार, तिकडची माती तांबूस असते. पन्नाशीचा, दाढी नीट केलेली, टोपी हातात.

"वेडर पाहिजे," तो म्हणाला. "गरम. टिकाऊ."

मी बेचाळीसचा खोका काढायला वळले.

"माझ्यासाठी नाही, बाई. भावासाठी. शेहेचाळीस लागतात त्याला."

"मग त्यालाच घेऊन या. दुसऱ्याच्या पायाचे बूट अंदाजानं घेतले की महिनाभरात मला शिव्या पडतात."

"त्याला यायला जमत नाही."

"उंची?"

त्यानं हात आपल्या डोक्याच्या वर चार बोटं धरला. मग पायाची आतल्या बाजूची लांबी, छाती, पोटरीचा घेर, सगळं सांगितलं. शिंप्यालाही इतकं पाठ नसतं. मी विचारलं, गार नेमकं कुठे लागतं? कुणाला घोट्यांत लागतं, कुणाला गुडघ्यांत; त्यावर माल ठरतो.

"सगळीकडे लागतं," तो म्हणाला. "लोव्रोला पहिल्यापासूनच थंडी सोसत नाही."

मी त्याला चार मिलिमीटर जाड निओप्रीन रबराची विजार दिली, गुडघ्यांवर दुहेरी थर असलेली. बूट अठ्ठेचाळीसचे, म्हणजे आत जाड मोजा मावेल. तळ नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, शेवाळलेल्या दगडावर तोच धरतो, आणि नमद्यात बारीक पोलादी खिळे. असे तळ चांगले दोन-तीन हिवाळे जातात, असं मी सांगितलं. त्यानं बूट उलटा करून तळावरून अंगठा फिरवला, बराच वेळ. नाव गाबेर, एवढं त्या दिवशी कळलं.

नऊ दिवसांनी तो परत आला. विजार आणि बूट पोत्यात होते.

"अजून गार लागतं म्हणतो."

मी विजार उचलली आणि वजनानंच समजलं. आत पाणी होतं. मोरीत उलटी केली तर दोन बादल्या भरल्या, तळाशी पांढरी वाळू. बाहेरचा भाग मात्र कोरडा होता. घडीच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या.

"गळतेय," मी म्हटलं. "बदलून देते. पण आधी भोक कुठे आहे ते बघू दे."

गळती शोधायची आमची साधी रीत आहे. मागच्या अंधाऱ्या कोठारात जायचं, पायात विजेरी सोडायची. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे भोक. एकही ठिपका दिसला नाही. मग हवा भरून साबणाचं पाणी लावलं. फुगा आला नाही. गाबेर काउंटरला टेकून उभा होता, टोपी हातातच.

मग मी बूट बघितले. नमदा उरलाच नव्हता. खालचं चामडं दिसत होतं, खिळे झिजून गुळगुळीत झाले होते.

"नऊ दिवसांत? चालतो किती हा माणूस?"

"चालत नाही," गाबेर म्हणाला. "उभाच असतो."

गिऱ्हाईक विचित्र बोलतात, त्यांना माल दाखवावा. मी पाच मिलिमीटरची काढली, आतून लोकरी अस्तराची, आणि दुकानातले सर्वांत भारी बूट. तो गेल्यावर बादल्या ओतायच्या राहिल्या. संध्याकाळी एक शेगडीजवळून हलवताना बोट आत बुडालं आणि बधिर झालं. मासेमार पाण्यात सोडतात तो तापमापक माझ्याकडे होता. चार अंश. दुसऱ्या दिवशी दुपारीही चार. शेगडी रात्रभर पेटलेली होती. तापमापक बिघडला असेल म्हणून नवा काढला. चार. तिसऱ्या दिवशी मी बादल्या मागच्या नाल्यात ओतल्या आणि त्याबद्दल विचार करायचा नाही असं ठरवलं.

नववर्षानंतर गाबेर पुन्हा आला. पोतं तसंच जड. या वेळी नदीरक्षक नात्से दुकानात होता. तो रोज माझी कॉफी पितो आणि रोज तिला नावं ठेवतो. गाबेरनं पोतं ठेवलं, स्टेशनावर जाऊन येतो म्हणाला. तो बाहेर पडताच नात्सेनं पेला खाली ठेवला.

"याला तू वेडर विकतेस?"

"भावासाठी नेतो. का?"

"तिल्का, याचा भाऊ तीन वर्षांपूर्वी जानेवारीत सोतेस्काच्या घळीतल्या डोहात बुडाला. लोव्रो केंदा. पाणबुडे चार दिवस शोधत होते, मीच त्यांना काठावर चहा देत होतो. सापडला नाही."

बुडालेला माणूस मला आठवत होता, बोगद्यापलीकडचा कुणीतरी. नाव तेव्हा कानावरून गेलं होतं.

"दर शनिवारी येतो," नात्से म्हणाला. "विजार काठावरच्या सपाट दगडावर पसरून ठेवतो, शेजारी बूट. पुढच्या शनिवारी उचलतो. मी आधी हाकलणार होतो. पण कचरा करत नाही, मासा मारत नाही. कुठल्या कलमाखाली हाकलू?"

"मग नदी चढत असेल. भरून जात असेल पाणी."

"पाणी त्या दगडाच्या दीड मीटर खाली आहे. मी रोज दोनदा तिथून जातो. विजार कोरडी असते. माणूस नाही, जनावर नाही, बर्फात पाऊल नाही." त्यानं पोत्याकडे बघितलं. "यात काय आहे?"

मी पोतं काउंटरखाली सरकवलं. तोवर मला दुसरंच आठवलं होतं. लोव्रो बुडाला त्याआधीचा सप्टेंबर, उघडं दार, आणि दारात वाकून शिरणारा एक उंच माणूस. शेहेचाळीस नंबर. त्याला जाड विजार हवी होती आणि माझ्याकडे त्याच्या मापाची नव्हती. उन्हाळ्यातली पातळ होती. पातळ चालेल, मी म्हणाले होते, आत दोन मोजे घाला, जानेवारीतसुद्धा काही होत नाही. त्यानं ऐकलं. लोक माझं ऐकतात.

गाबेर परतला तेव्हा नात्से निघून गेला होता. मी विचारलं, "लोव्रोनं ती पातळ विजार इथूनच घेतली होती ना?"

"हो."

"तुम्ही पहिल्या दिवशीच का बोलला नाहीत?"

"बोलून काय होणार होतं? तुम्ही चांगल्या बाई आहात. चुकीचं माप दिलं नव्हतंत." तो पोत्याच्या गाठीशी खेळत राहिला. "स्वप्नात येत नाही तो. लोकांना वाटतं स्वप्नात येत असेल. मी काठावर जातो आणि मला कळतं, एवढंच. गार लागतंय त्याला. मी घरी पांघरूण घेऊ शकत नाही, बाई. तीन वर्षं झाली."

शनिवारी मी दुकान बंद ठेवलं आणि त्याला गाडीत घेतलं. माझं म्हणणं साधं होतं: माल माझा आहे, तो मी स्वतः पाण्यात उतरून तपासणार. मग जे काय असेल ते शिवणीत सापडेल.

सोतेस्कात हिवाळ्यात ऊन येत नाही. दोन्ही बाजूंचे कडे उंच, मधून नदी, रस्ता आणि रुळ एकमेकांना चिकटून जातात. दुपारचे बारा वाजले होते तरी फांद्यांवरचा बर्फ निळसर होता. डोह रस्त्याच्या वळणाखाली आहे; पाणी हिरवं, इतकं स्वच्छ की चार मीटर खालचे गोटे मोजता यावेत. माझं पाऊल अडतीस नंबरचं. पोत्यातली, पाणी ओतून सुकवलेली ती शेहेचाळीसची विजार मी तीन मोजे घालून चढवली, कमरेला पट्टा आवळला. गाबेर म्हणाला, "नका जाऊ." पण दगडावर हात टेकून त्यानंच मला उतरायला मदत केली.

गुडघ्यापर्यंत गेले. शिवणी ठीक होत्या.

मांड्यांपर्यंत. निओप्रीन अंगाला दाबलं गेलं, तसं ते दाबलं जातंच. पाय उबदार होते. मी मनात नोंद केली: चांगला माल.

कमरेपर्यंत गेले आणि थांबले. डोहाचा तळ पुढे एकदम खोल जात होता. वरून एक मालगाडी गेली. तिचा आवाज संपला आणि मग पाण्याचा आवाजही संपला. वाहतं तर होतं.

मी खाली बघितलं. माझ्यासमोर, हातभर अंतरावर, तळावरची शेवाळ दोन जागी घासून गेली होती. दोन लांबट, पांढरे, स्वच्छ चट्टे. शेजारी शेजारी. टाचा माझ्याकडे नव्हत्या, बोटं माझ्याकडे होती.

गार लागलं नाही. तेच मला नंतर सगळ्यांना सांगता आलं नाही. गार लागलंच नाही.

आधी पायाच्या बोटांची जाणीव गेली. मग घोट्यांची. दुखलं नाही, मुंग्या आल्या नाहीत. कुणी दिवे एकेक मालवत जावं तसं काहीतरी वर येत होतं, आणि गुडघ्यांशी येऊन थांबलं.

मी परत फिरले. पाय चालत होते. ते माझे आहेत हे फक्त दिसत होतं.

काठावर विजार उतरवली. बाहेरून ओली, आतून कोरडी ठणठणीत. गाबेरनं ती पुसली, दगडावर पसरली, शेजारी बूट लावले. नदीकडे तोंड करून थोडा वेळ उभा राहिला. त्याचे खांदे खाली आले.

"चला," तो म्हणाला. "तुमचे ओठ निळे पडलेत."

बधिरपणा उतरला नाही. येसेनित्सेच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सुया टोचल्या, विजेच्या तारा लावल्या, रक्तप्रवाह बघितला. सगळं ठीक आहे, नसा तरुण मुलीच्या आहेत, म्हणाले. मी कठड्याला धरून जिने उतरायला शिकले. एकदा दुकानातल्या फरशीवर लाल डाग दिसले, ते पुसत पुसत मी काउंटरला चक्कर मारली तरी संपेनात. मग लक्षात आलं, तळपायात बुटाचा खिळा घुसला होता. रडू यायला हवं होतं. नात्सेनं खिळा काढला आणि तोच रडवेला झाला.

"डॉक्टर काहीही म्हणोत, तू मुलीकडे जा लुब्लियानाला," तो म्हणाला. "नदीपासून लांब राहा थोडे दिवस."

मी म्हटलं, बघू.

फेब्रुवारीत, सुलेत्सचा हंगाम संपायच्या आठवड्यात, गाबेर आला. जाडा दिसत होता, गालांवर रंग होता. त्याच्या बायकोनं पोतित्सा, म्हणजे अक्रोड भरून गुंडाळलेला गोड पाव, भाजून पाठवली होती, अजून कोमट, फडक्यात गुंडाळलेली. दुसऱ्या हातात पोतं. हलकं.

"आता नको ही," तो म्हणाला. "झोप लागते मला. काल मी पांघरूण फेकून दिलं रात्री, उकडत होतं." मग खालच्या आवाजात, "त्याला गार लागत नाही आता. तुमचे आभार मानायचे होते."

"कुणाला, तुम्हाला?"

त्यानं माझ्या पायांकडे एकदा बघितलं आणि टोपी घालून निघाला.

दुकान बंद केल्यावर मी पोतं उघडलं. विजार कोरडी होती, बुटांचा नमदा कोरा. आत हात घातला. कुणीतरी नुकतीच उतरवावी तशी आत ऊब होती.

मी उजवं पाऊल आत सरकवलं. चाळीस दिवसांत पहिल्यांदा मला माझी बोटं जाणवली. पाची. आधी अंगठा, मग एकेक. मी खुर्चीत बसून राहिले आणि मोठ्यानं हसले असेन, कारण वरच्या खिडकीवरचं कबूतर उडालं.

दुसऱ्या दिवसापासून ती घालूनच काउंटरवर उभी राहू लागले. लोक चेष्टा करायचे, दुकानात पूर आलाय का तिल्का? मी म्हणायचे, माल वापरून विकावा. पण आठवडाभरात ऊब कमी होऊ लागली. आधी टाचेतून गेली, मग घोट्यातून. शेगडीजवळ बसून काही होईना. कुठे गेल्यावर ती परत येईल हे मला माहीत होतं. कसं माहीत होतं ते सांगता येणार नाही.

सोमवारी दुपारी दाराला पाटी लावली आणि सोतेस्काला गेले. नात्सेची गाडी कुठे दिसत नव्हती. पाण्यात पाय ठेवताच ऊब आली, गुडघ्यांपर्यंत, मग मांड्यांपर्यंत. मी जात राहिले. कंबर गेली. छान वाटत होतं. इतक्या दिवसांनी दगड पायाखाली लागत होता, त्याच्या कडा लागत होत्या.

डोहाच्या काठाशी, जिथे तळ खोल जातो, तिथे थांबले. पावलं जुळवली. तेव्हा बुटाच्या आत, माझ्या बोटांशेजारी, दुसरी बोटं लागली. मोठी, कोमट. ती क्षणभर स्थिर राहिली आणि मग जराशी आखडली, मला जागा व्हावी म्हणून.