मिस

एसटी धुरळा उडवत वळणापलीकडे गेली आणि पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "मिस!"

क्लेमेंटीन गर्रकन वळली. अर्नाळ्याच्या शाळेत पाचवीला इंग्रजी शिकवायला लागल्यापासून या हाकेची तिला नुकती कुठे सवय होत होती. पण हा काही पाचवीतला नव्हता. चांगला मिशीवाला, आणि सायकलला राजेळी केळ्यांचा घड बांधलेला.

"मला मिस म्हणायला तुम्ही माझ्या वर्गात आहात का?"

"नाही ओ... मी एसटीचं म्हणत होतो. मिस झाली ना!"

तो सॅन्टन. नंदाखालच्या थांब्यामागेच त्याची केळीची बाग होती. दुसऱ्या दिवसापासून, का कोण जाणे, बागेतल्या नेमक्या थांब्याजवळच्या केळींना सकाळी फार तहान लागू लागली.

"एका शब्दाचे दोन अर्थ? मुलं गोंधळत नाहीत?" पाट वळवता वळवता तो विचारी.

"दोन नाही, तीन." तेवढ्यात त्याने चिंचेवर दगड भिरकावला. चिंच जागच्या जागी राहिली. "हा बघा तिसरा," ती म्हणाली. "नेम चुकला, मिस!"

"तुमच्याकडे बघत मारला, म्हणून चुकला."

"पुढे बघून मारावा."

"पुढे तर तुम्हीच उभ्या आहात! बरं, चौथा अर्थ?"

"चौथा... नाही." ती रस्त्याकडे बघत राहिली. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या.

चौथा होता. पण तो पाचवीच्या पुस्तकात नव्हता, आणि तो थांब्यावर उभ्याने शिकवायचा तरी कसा?

अशात बर्था आत्याने घरात जाहीर केलं, "मुलगा कुवेतला असतो. रविवारी देवळातली मिस्सेची प्रार्थना आटोपली की बघायला येतोय. क्लेमेंटीन, साडी निळी नेस बाय, तू त्यात उजळ दिसतेस."

ही बातमी गावात फिरली आणि केळींची तहान एकदम भागली. सॅन्टन थांब्यावर दिसेना. सोमवारी नाही, मंगळवारी नाही... आठवडाभर एसटी मेली वेळेवर येत होती, आणि क्लेमेंटीनला तिचा राग येत होता.

रविवारी ती देवळात आली ती एकच गोष्ट ठरवून. दुपारी तो कुवेतवाला यायच्या आत बोलायचं. नाहीतर कधीच नाही.

सॅन्टन क्रुसाजवळ उभा होता. मिस्सेची घंटा घणघणत होती. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, मराठीत धीर होईना म्हणून डोळे मिटून इंग्रजीत म्हणाली, "आय... मिस यू."

सॅन्टन कावराबावरा झाला. "मिस्सा? मी कुठे चुकवली? सकाळच्या पहिल्या मिस्सेला होतो मी! पुढच्या बाकावर! फादरना विचारा हवं तर!"

क्लेमेंटीन बघतच राहिली. आठवडाभर गोळा केलेला सगळा धीर खर्ची पडला होता, आणि हा फादरांची साक्ष काढत होता! तिला रडू आलं, आणि वाटेतच त्याचं हसू झालं.

"मिस्सा नाही हो... चौथा अर्थ."

"नाही म्हणाला होतात तुम्ही."

"खोटं बोलले. माणूस दिसेनासं झालं, की जीव कुठेच लागत नाही. एसटी आली तरी चढावंसं वाटत नाही... तो अर्थ."

घंटा थांबली. सॅन्टनने मान खाली घातली.

"म्हणजे..." तो हळूच म्हणाला, "आठवडाभर मी बागेत बसून जे करत होतो, त्याला इंग्रजीत नाव आहे तर!"

"मग आलात का नाही?"

"कुवेतपुढे केळी कुठे टिकणार, वाटलं."

"विचारायचं तरी."

"विचारतो. मिसचं मिसेस व्हायला... कोणाला विचारावं लागतं?"

"आधी मला," ती म्हणाली. "मी हो म्हटलंय. आता आत्याला."

बर्था आत्या दारातून हाका मारतच होती, "क्लेमेंटीन! मिस्सा सुरू झाली गो!"

"आत्या," सॅन्टन पुढे होऊन म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, पण नेम या वेळी चुकला नाही. "दुपारी येणाऱ्यांना सांगाल का... त्यांची एसटी मिस झाली म्हणून?"

आत्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा निळ्या साडीतल्या लाल कानांकडे. "आधी आत चला दोघं," ती पुटपुटली. "एवढी निळी साडी काय फुकट नेसवली मी?"

लग्नानंतरही शाळेतली मुलं क्लेमेंटीनला मिसच म्हणत राहिली. सॅन्टनसुद्धा. कुठल्या अर्थाने, ते मात्र ती माहेरी किती दिवस राहिली यावर असे.