नऊ नंबरच्या टाकीचा तळ

कॉटन ग्रीनला गोदामांच्या मागे डिझेलचा एक जुना डेपो आहे. टाक्या जमिनीवरच उभ्या, दोन-दोन मजले उंच, आणि भोवती कंबरभर बांध. टाकी फुटलीच तर तेल तिथेच अडावं, पलीकडच्या वस्तीत जाऊ नये, म्हणून. मनमोहन विजयकर या टाक्या तपासायला यायचा. तीस वर्षं हेच काम. घाई करायची नाही, आवाज चढवायचा नाही, आणि स्वतः बघितल्याशिवाय सही करायची नाही.

त्या दिवशी नऊ नंबर होती. रिकामी केलेली, धुतलेली, आतली हवा तपासून झालेली. सकाळचे अकरा वाजले असतील. मनमोहन बांधाच्या पायऱ्या उतरत होता, तेवढ्यात भिंतीपलीकडून एका बाईने हाक मारली. रखमाबाई. तिची खोली डेपोच्या भिंतीला लागूनच.

"ओ साहेब, तपासणारे तुम्हीच ना? आमच्या बोरिंगच्या पाण्याला रॉकेलसारखा वास मारतोय. नातीला दोनदा ओकारी झाली."

डेपोचा मॅनेजर विक्रांत हसला. "मावशी, गटाराचा वास असेल तो. काका, तुम्ही चला. उद्या भरायला घ्यायचीय, संध्याकाळपर्यंत सही पाहिजे."

मनमोहनने बाईकडे एकवार पाहिलं आणि टाकीच्या बुडाशी असलेल्या मॅनहोलमधून वाकून आत शिरला.

टाकीत जायचा एक रिवाज असतो. आतला माणूस मधूनमधून पत्र्यावर हातोडीचा एक ठोका देतो. मॅनहोलपाशी बसलेला दोन ठोके देऊन उत्तर करतो. मी ठीक आहे, मी इथेच आहे, एवढाच त्याचा अर्थ. बाहेर दीपक बसला होता, मालवणकडचा, बोलका गडी.

"काका, बिनधास्त जावा. मी हंयच असंय."

आत काळोख होता. कितीही धुतली तरी टाकीचा वास जात नाही. तो घशात बसतो. बॅटरीच्या उजेडाचं एक वर्तुळ आणि त्यात आपलेच बूट. मनमोहन तळाच्या पत्र्याला जाडी मोजायचा मीटर लावत पुढे सरकत होता. सहा मिलिमीटर. सहा. परत सहा. जाडी अगदी हवी तेवढी.

त्याने एक ठोका दिला. दोन ठोके आले.

मधोमध पोचल्यावर परत दिला. दोन ठोके आले... पण या वेळी ते कानाला कमी आणि तळपायाला जास्त लागले.

तो थांबला. गुडघे टेकून तळहात पत्र्यावर ठेवला. पत्रा गार होता. मग त्याने हातोडी बाजूला ठेवली आणि नुसत्या बोटाच्या पेराने, अगदी हलकं, एकदा वाजवलं. तेवढं बाहेर कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

खालून तितक्याच हलक्या हाताने दोनदा वाजलं.

मनमोहनने त्या जागी खडूने फुली मारली. तिथे मीटर लावला. सहा. मग तो सावकाश बाहेर आला.

मॅनहोलपाशी कुणीच नव्हतं. दीपक गेटकडून चहाचे दोन ग्लास घेऊन येत होता. "रागावू नकात काका. तुम्ही आत गेलात नि मी लगेच उठलंय. तुमचो ठोकोच ऐकलंय नाय..."

मनमोहनने चहा घेतला आणि विक्रांतला सांगितलं, "फुलीपाशी तळ कापा."

"कापा? मीटर सहा दाखवतोय, काका! कारण काय लिहू मी?"

"लिही, तपासणाऱ्याची खात्री नाही."

विक्रांत चिडला, फोन केले, पण सहीवाचून टाकी भरता येत नव्हती. दुसऱ्या दिवशी ग्राइंडरने हातभर तुकडा कापला. उलटा केला तर खालून पत्रा वाळवीने खाल्ल्यासारखा, आणि एका ठिकाणी सुईएवढं आरपार भोक. मीटरची टोच जिथे टेकते तेवढीच जाडी ती सांगते. भोक दोन बोटं बाजूला होतं. टाकीखाली अंथरलेली वाळू डिझेलने काळी झालेली. रखमाबाईच्या पाण्यात वास इथूनच जात होता.

त्या काळ्या वाळूत शेजारी शेजारी दोन खळगे होते. माणूस गुडघ्यांवर बसला की पडतात तसे.

"वाळू बसलीय," विक्रांत म्हणाला.

वाळू कोपरभर खणून काढली, नवी कोरडी भरली, फळीने सपाट केली. जेवायची सुट्टी झाली. दीपक मॅनहोलला पाठ लावून तिथेच डबा खायला बसला, या खेपेला हलला नाही.

जेवून आत गेले तेव्हा नव्या वाळूत दोन खळगे होते. पहिल्या जागी नव्हते. मॅनहोलच्या दिशेने वीतभर पुढे, अर्धे न कापलेल्या पत्र्याखाली गेलेले.

"काका..." दीपक कुजबुजला. "माझ्यासमोरना कोण गेलो नाय... आईशप्पत."

वेल्डर नवा पत्रा घेऊन उभा होता. "झाकू का, साहेब?"

"थांब जरा."

मनमोहन बाहेर आला आणि बांधावर बसला. विक्रांतने तपासणीचा कागद पुढे केला. भिंतीपलीकडे रखमाबाई लांबून आणलेल्या पाण्याची कळशी उतरवत होती. मनमोहनने एकेक रकाना भरला. शेवटचा रकाना होता: तळाखाली पोकळी आहे की नाही.

त्याने लिहिलं, "आहे." पुढे थोडी जागा उरली होती, तिथे बारीक अक्षरात, "मॅनहोलकडे सरकते आहे."

आणि सहीची जागा कोरी ठेवून कागद परत दिला.