केतकीची नजर

सरका रे आत. दिवा राहू दे तसाच मंद. ही ऐकीव गोष्ट नाही. भवतोष सान्याल वीस वर्षं माझ्या फ्रेमच्या दुकानात येत होता. हे सगळं त्यानं मला सांगितलं तेव्हा तो पूर्ण शुद्धीवर होता, समोर बसून चहा पीत होता.

तीन वर्षांपूर्वीची जगद्धात्री पूजा. नवमी. आपलं चंदननगर दिव्यांनी पेटलेलं. त्या संध्याकाळी भवतोष माझ्याकडून टर्पेंटाइनची बाटली घेऊन गंगेकाठी केतकीच्या घरी गेला. तिच्या चित्राचं शेवटचं काम राहिलं होतं.

केतकी म्हणजे हिमाद्रीची बायको. हिमाद्री आणि भवतोष एकाच मास्तरांच्या हाताखाली चित्रकला शिकले. पदक मिळालं हिमाद्रीला. कोलकात्यात प्रदर्शन भरलं हिमाद्रीचं. केतकीला आधी पाहिलं होतं भवतोषनं, पण तीही गेली हिमाद्रीच्याच घरात. तिला 'बौदी', म्हणजे वहिनी, म्हणायला याच्या जिभेला सहा वर्षं लागली.

मग हिमाद्री गेला. चाळिशीत, झोपेतच. मागे राहिली ती कॅनव्हासवर कोळशानं काढलेली केतकी. रंगाचा एक थेंब लागायचा होता. अकरा महिन्यांनी तिनं भवतोषला बोलावलं.

"भवतोषदा, यावर रंग चढवाल? दुसऱ्या कुणाचा हात नाही लागू देणार मी."

"त्याच्यासारखं नाही जमायचं, बौदी."

"ते ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

सहजच म्हणाली हो. पण याच्या आत ते काचेसारखं रुतलं.

"जेठूकाका, तिला माहीत होतं त्याच्या मनातलं?"

बायकांना काय माहीत नसतं, टुकुन? गप ऐक.

अठरा दिवस तो राबला. लाखेचं पाणी फवारून कोळशाच्या रेघा पक्क्या केल्या. पातळ मातकट रंगानं सावल्या भरल्या, मग गाल, कपाळ, केस. मनगटातल्या सवाष्णीच्या शंखाच्या बांगड्या रंगवल्या. खऱ्या केतकीनं त्या केव्हाच उतरवल्या होत्या. डोळे तेवढे ठेवले शेवटी. कारण चित्रातली केतकी जरा वर बघत होती. हिमाद्री उंच होता ना. तो उभा राहून काढत असणार आणि ही त्याच्याकडे बघत असणार. तशी नजर भवतोषच्या वाट्याला जन्मात आली नव्हती.

त्यानं ठरवलं, बुबुळं खाली आणायची. सूतभर. कुणाला कळणार आहे?

केतकी आळीतल्या बायकांबरोबर मांडवात गेली होती. घरात हा एकटा. रात्री एक वाजून दहा मिनिटांनी मांडवातला शेवटचा ढाक, म्हणजे पूजेचा ढोल, थांबला. यानं दुसरं बुबुळ टेकवलं आणि मागे सरला.

ती त्याच्याकडे बघत होती. त्याच्याचकडे.

"हसू आलं रे मला, ब्रजदा," तो मला म्हणाला.

ब्रश पुसायला वळला. परत फिरला.

नजर वर गेली होती. याच्या खांद्यावरून मागे.

ओला रंग, ओघळला असेल... पण रंग खाली ओघळतो. वर नाही.

पुसलं. पुन्हा काढलं. याची पापणी लवली.

पुन्हा वर.

आणि आता ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. ते यानं काढलं नव्हतं.

तेवढ्यात मागे आवाज झाला. खर्र... खर्र...

कापडावर कोळसा. सावकाश. न अडखळता. तो हात त्याच्या ओळखीचा होता.

मान वळेना.

"हिमाद्री... पदक घेतलंस. ती घेतलीस. एक नजर... एवढी एक..."

आवाज थांबला.

...

खर्र...

उजाडेपर्यंत तो तसाच उभा होता. हातात ब्रश धरून.

सकाळी केतकी प्रसाद घेऊन आली. चित्र बघितलं आणि मटकन खाली बसली. पदराचा बोळा तोंडात.

"कसं जमलं हो तुम्हाला? मी ह्यांच्याकडे अश्शीच बघायचे!"

"मग? तू काय म्हणालास?" मी त्याला विचारलं.

"काय म्हणणार? 'जमलं,' म्हणालो."



चित्र फ्रेमसाठी त्यानं बरोबरच आणलं होतं. खिळे मारायला मी ते पालथं केलं.

कॅनव्हासच्या मागे कोळशानं एक माणूस काढलेला होता. पाठमोरा. हातात ब्रश, घामानं पाठीला चिकटलेला सदरा, वळू न शकलेली मान. भवतोषच. त्याच्या मागे उभं राहिल्याशिवाय कुणाला तो तसा दिसला नसता.

मला वाटलं, आता हा कोसळतो. पण तो वाकून बघत राहिला. बराच वेळ. मग दात आवळून म्हणाला,

"ही मान बघ, ब्रजदा. अशी मान मला सात जन्मांत काढता आली नसती."

मी त्या रेघेवर हळूच अंगठा फिरवला.

अंगठा काळा झाला. आणि रेघ... जरासुद्धा पुसट झाली नाही.