मुंगीची खोली

खोली रिकामी होती, आणि मुलगी त्याच खोलीत होती.

बेलीफबाईंनी एकदा मोबाइलकडे पाहिलं, एकदा समोर. मोबाइलमध्ये निळी भिंत, तिच्यावर रंगवलेले पांढरे ढग. समोरही निळी भिंत आणि तेच ढग. तोच पिवळा पडदा, तोच चंद्रकोरीचा दिवा, पुस्तकांचं तेच कपाट. फरक एवढाच, की मोबाइलमधल्या पलंगावर सात वर्षांची मुलगी पालथी पडली होती आणि समोरच्या पलंगावर चिटपाखरूही नव्हतं.

फोन धरून धावत वर आलेल्या आईने काही बोलायला तोंड उघडलं. बेलीफबाईंनी झटकन ओठांवर बोट ठेवलं, तिला खांद्याला धरून बाहेर काढलं आणि मागचं घर कॉलमध्ये दिसू नये म्हणून तिची पाठ कोऱ्या भिंतीला लावली. नेहमीसारखं बोला, असं त्यांनी नुसत्या हाताने सांगितलं.

"काय करतेयस, मुंगी?" आईने विचारलं. आवाज कसाबसा सरळ राहिला.

"काही नाही. खोलीत आहे."

"मग एक गोष्ट वाचून दाखव की मला. कपाटातलं ते लाल पुस्तक घे."

मुलीने मान वळवून कपाटाकडे पाहिलं. तिचे पाय पलंगाच्या शेवटच्या फळीवर ठकठक वाजत होते. "ती पुस्तकं उघडत नाहीत," ती म्हणाली. मग फोनच्या पलीकडे कुणाकडे तरी बघितलं आणि ओठ मिटले. "उद्या बोलू हं, आई."

फोन बंद झाला. आई भिंतीला घसरत खाली बसली.

"वाचायचंही सोडलं तिने. पुस्तकाशिवाय झोपायची नाही हो ती. आणि उंच किती झालीय, पाहिलंत? पाय पार कडेला टेकतात. या बटणापर्यंत यायची माझ्या." तिने अंगातल्या पांढऱ्या कोटाचं बटण दाखवलं. चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासायची आणि हाक आली तशी कोटासकट निघाली होती. "वेणीसुद्धा कशी चापूनचोपून. मला कधी जमली नाही तशी. माझ्यावाचून मोठी होतेय माझी मुंगी."

बेलीफबाईंना वाईट वाटलं, आणि रागही आला. कोर्टाचा हुकूम घेऊन दारोदार फिरण्यात त्यांची उमर गेली होती. शिव्या खाल्ल्या होत्या, एकदा कुत्रंही अंगावर सोडलेलं होतं. पण अशी डोळ्यांत धूळ त्यांच्या कुणी फेकली नव्हती.

प्रकरण तसं सरळ होतं. घटस्फोट झाला, मुलीचा ताबा आईला मिळाला. सुट्टीपुरती मुलगी बापाकडे गेली आणि सुट्टी संपली तरी परत आली नाही. फॅमिली कोर्टाने हुकूम काढला, की मुलीला आईच्या हवाली करा. तोवर तिला घरातून कुठेही हलवायचं नाही आणि रोज संध्याकाळी आईशी व्हिडिओ कॉल करून द्यायचा. कॉल बापाने एकही चुकवला नाही. मुलगी मात्र दिली नाही. बेलीफबाई तीनदा आल्या आणि तीनदा हात हलवत गेल्या. दर वेळी मुलगी नुकतीच बाहेर गेलेली. बेलीफ येणार म्हटलं की ती घाबरते, असं बापाचं म्हणणं. उद्या तारीख होती. मुलगी स्वतःच्या घरात, स्वतःच्या खोलीत मजेत आहे आणि तिला आईकडे जायचंच नाही, असं तो जजसाहेबांपुढे सांगणार होता. पुराव्याला रोजचे कॉल होतेच. उद्यापर्यंत मुलगी सापडली नाही, तर हुकुमाला स्थगिती मिळायची दाट शक्यता होती.

तिन्ही वेळा ते लोक आधीच सावध कसे, ही पाल बेलीफबाईंच्या मनात चुकचुकत होती. तिन्ही वेळा आईबरोबर तिची धाकटी बहीण आली होती, मुंगीची मावशी. एका बिल्डरच्या ऑफिसात ती गिऱ्हाइकांना घरं दाखवायची. रडणाऱ्या बहिणीला पाणी पाजायची, पाठीवरून हात फिरवायची. आज बेलीफबाई कुणालाही न कळवता, कॉलच्या वेळेलाच आल्या होत्या. आईलासुद्धा ऐनवेळी नुसतं खाली येऊन थांबा म्हटलं होतं.

घरात मुंगीची आजी एकटीच होती, बापाची आई. बरोबर आणलेला हवालदार तिच्यासमोर खुर्ची टाकून बसला होता आणि तिचा फोन टेबलावर राहील एवढं पाहत होता.

बेलीफबाईंनी पुन्हा खोली धुंडाळली. पलंगाखाली, पडद्यामागे, कपाटात. मग दमून पलंगावर बसल्या आणि बसल्या त्या आडव्याच झाल्या. कोर्टाच्या कामात हे बसत नाही, पण पाय बोलत होते. त्यांच्या स्वतःच्या घरी पलंग आणि कपाट यांच्यामधून तिरकं होऊन जावं लागे. घर घ्यायच्या आधी बिल्डरने दाखवली होती तेव्हा तशीच खोली चांगली ऐसपैस दिसली होती. तेव्हापासून बिल्डर हा शब्द निघाला की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. या पलंगावर मात्र पाय ताणूनही पायाशी एक उशी मावली असती.

उठताना त्यांनी कपाटातलं लाल पुस्तक काढलं. ते लगेच उघडलं. पानांचे कोपरे हाताळून मऊ पडले होते.

बाहेर येऊन त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि त्या आजीसमोर बसल्या.

"मुंगी कुठे आहे, आजी?"

"खेळायला गेलीय."

"आत्ता तर ती खोलीतून बोलली."

आजीने पदर सारखा केला.

"तिची वेणी तुम्ही घालता?"

आजीने मांडीवरचे हात उलटे केले. बोटं सांध्यांशी वाकडी झाली होती. "कपाचा कान धरवत नाही या हातांनी. वेणी कसली घालते मी."

"मग तिचा बाप घालतो?"

"त्याला स्वतःचा भांग धड पाडता येत नाही," आजी म्हणाली. मग आपण काय बोललो हे तिच्या लक्षात आलं आणि तिने हात पदराखाली घेतले.

तेवढ्यात बाप आला. घरांच्या आतलं फर्निचर करून द्यायचा त्याचा धंदा होता. मनगटापर्यंत लाकडाचा भुसा चिकटलेला होता. बेलीफबाईंना पाहून तो थबकला, पण क्षणभरच.

"परत आलात?" त्याने मुंगीच्या आईकडे बोट केलं. "विचारा हिलाच. रोज बोलते की नाही मुलगी? मी कुठे लपवतोय?"

"खोली छान केलीय. तुमच्याच हातची?"

"एकूण एक फळी." त्याची छाती फुगली.

"पलंग चांगला लांब केलात."

"पोर वाढणार, म्हणून."

"आणि गिऱ्हाइकाचं काम असलं की?"

"म्हणजे?"

"अशीच खोली आणखी कुठे केलीत?"

"कुठेच नाही," तो प्रश्न संपायच्या आत म्हणाला आणि मनगटावरचा भुसा झटकायला लागला. त्याचा दुसरा हात हळूच खिशातल्या फोनकडे गेला. हवालदाराने उठून तो फोन अलगद काढून घेतला.

बेलीफबाई आईकडे वळल्या. "तुमची बहीण आज आली नाही?"

"ऑफिसात असेल. संध्याकाळी तिलाच बंद करावं लागतं."

"मी येणार हे याआधी तिला माहीत असायचं?"

"तिला सांगितल्याशिवाय मी काहीच करत नाही. पण ती काय परकी आहे?"

बापाचा चेहरा खर्रकन उतरला. तो पाहून, हवालदाराला तिथेच थांबायला खुणावून बेलीफबाई उठल्या. आई मागोमाग निघाली. दारात आजी वाट अडवून उभी राहिली. तिच्या वाकड्या बोटांत ते लाल पुस्तक कसंबसं धरलेलं होतं.

"हे न्या तिच्यासाठी," ती म्हणाली. मुलाकडे तिने बघितलं नाही.

मावशी काम करायची त्या बिल्डरची इमारत अर्धीमुर्धी उभी होती. वरच्या मजल्यांना भिंती नव्हत्या, खाली खडीचे ढीग. पहिल्या मजल्यावर मात्र उजेड होता. जिन्यात आईने बेलीफबाईंचा हात घट्ट धरला. इथे कशाला आणलंत, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. बेलीफबाई पायऱ्या चढत राहिल्या. आपला अंदाज चुकला तर उद्या या बाईला काय तोंड दाखवायचं, ही धाकधूक त्यांनाही होती.

दारावर पाटी होती, सॅम्पल फ्लॅट. आत टेबलाशी बसलेली मावशी बहिणीला पाहून ताडकन उठली.

"ताई? तू इथे कशी?"

ती बोलता बोलता सरकली आणि आतल्या खोल्यांच्या वाटेवर उभी राहिली.

बेलीफबाईंनी घाई केली नाही. दिवाणखान्यात पुस्तकांचं कपाट होतं. त्यांनी एक पुस्तक ओढलं. अख्खी रांगच हातात आली. पुठ्ठ्याचा पोकळ खोका, त्यावर नुसत्या पाठी चिकटवलेल्या.

"ही पुस्तकं उघडत नाहीत," त्या म्हणाल्या. "मुंगी खरं तेच बोलली. तिने वाचायचं सोडलेलं नाही, बाई. वाचायला इथे काही नाही."

आईने तो खोका उलटा करून पाहिला.

"आणि ती उंचही झालेली नाही. पोरं इतक्यात एवढी वाढत नसतात. घरचा पलंग माझ्यासारखीला पुरून उरतो, मी झोपून पाहिलंय. मग तिचे पाय कडेला कसे लागले? तर तो पलंग आखूड होता. सॅम्पल फ्लॅटमध्ये सगळं फर्निचर कापून लहान करतात, म्हणजे खोली मोठी दिसते. मी स्वतः फसलेय त्यात, अजून घरात तिरकी चालते. मुंगीच्या बापाने आधी लेकीसाठी खोली केली. मग तेच ढग, तेच पडदे या बिल्डरला लावून दिले, फक्त पलंग आखडता घेतला. मुलगी घराबाहेर काढल्याचं कळलं असतं तर कोर्टाने त्याला सोडलं नसतं. म्हणून ती घरातच आहे असं रोज दाखवायचं. खोली तयारच होती."

"पण तिच्याजवळ कोण होतं?" आईने विचारलं. विचारतानाच तिचा आवाज बारीक झाला, कारण उत्तर तिला समोर दिसत होतं.

"वेणी कुणीतरी घालत होतं. आजीचे हात चालत नाहीत, बापाला येत नाही. आणि मी कधी येणार हे त्याला कुणीतरी कळवत होतं. आज कळवलं नाही, कारण आज तुम्हीच कुणाला सांगितलं नव्हतं."

मावशीने मान वर केली. ती रडत नव्हती.

"दुसऱ्या गावी नेणार होतीस तिला," ती बहिणीला म्हणाली. "नवी नोकरी, नवं घर. मला नुसतं कळवलंस. तू दुकानातून उशिरा यायचीस तेव्हा तिला कोण सांभाळायचं? तिचं पहिलं पाऊल मी पाहिलंय, तू नाही. तो म्हणाला, उद्याची तारीख निघू दे, मग पोर इथेच राहील, तुला रोज भेटेल. एरवी माझ्या खोलीवर असायची, संध्याकाळी कॉलपुरती इथे, त्यानेच दिलेल्या फोनवर. काही कमी पडू दिलं नाही मी तिला."

आई दोन पावलं पुढे आली. ती अंगावर धावून जाईल असं बेलीफबाईंना वाटलं होतं.

"तिथे दोन खोल्यांचं घर घेतलंय मी," आई म्हणाली. "दुसरी तुझ्यासाठी होती. मुंगी घरी आली की सांगणार होते."

मावशी मागे सरून टेबलाला टेकली. आतली वाट आपोआप मोकळी झाली.

आतल्या निळ्या खोलीला दार नव्हतं, नुसती चौकट होती. त्या चौकटीत मुंगी उभी होती. कधीपासून, कोण जाणे. आईकडे झेपावायच्या आधी तिने बेलीफबाईंकडे पाहिलं.

"मी सांगितलं नाही काही. आता बाबाला पकडून नेणार का?"

बेलीफबाईंनी मावशीकडे एक नजर टाकली आणि मुलीसमोर गुडघ्यांवर बसल्या. "मी कुणाला न्यायला आलेले नाही. तुला आईकडे द्यायला आलेय. बाबांचं काय ते जजसाहेब ठरवतील. तुझ्यामुळे कुणाचं काही बिघडलेलं नाही, कळलं?"

मुलीने मान हलवली आणि मग ती धावली. आईने तिला कवटाळलं, सोडलं, पुन्हा कवटाळलं. मग सरळ उभं करून स्वतःला चिकटवलं आणि कोटाकडे वाकून पाहिलं. डोकं त्याच बटणाशी आलं होतं.

"तेवढीच आहेस गं," ती म्हणाली आणि इतका वेळ आवरलेलं रडू तिला फुटलं. "तेवढीच आहेस."

"पाय तर पलंगाला लागतात माझे."

"पलंगच खोटा आहे तो."

ताब्याच्या कागदावर सही करतानाही आईने दुसऱ्या हाताने मुंगीला सोडलं नाही, म्हणून बेलीफबाईंनी कागद धरून ठेवला. मग त्यांना आठवण झाली. त्यांनी पिशवीतून लाल पुस्तक काढून मुलीपुढे केलं.

मुंगीने ते आधी जपून, एका बोटाने उघडून पाहिलं. उघडतंय म्हटल्यावर ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागली. आई तिच्या शेजारी टेकली. वर सॅम्पल फ्लॅटच्या दारात मावशी तशीच उभी होती. दिवे बंद करायचं तिचं काम होतं, पण गोष्ट संपेपर्यंत तिने ते केलं नाही.