चार गुरुवारांचा ताण

मस्तगडच्या रस्त्यावर तृप्तीला लवंगेचा घमघमाट आला. आसपास मसाल्याचं दुकान नव्हतं. होता रोपांचा एक टेम्पो, आणि त्यात कातरलेल्या पाकळ्यांचं फिकट गुलाबी फूल.

"डायंथस हाय, ताई," टेम्पोवाला म्हणाला. "दरसाल फुलतंय. पण जालन्याचा उन्हाळा याला निघत न्हाई."

"निघाला तर?"

त्याने आता कुठे तिच्याकडे नीट पाहिलं. "तर... तुम्ही म्हणाल ते."

नाव सोमेश्वर, रोपवाटिका आष्टीला, इथे येणं दर गुरुवारी – एवढी माहिती रोपासोबत फुकट मिळाली.

पंधरा दिवसांत तृप्ती कुंडी घेऊन परत हजर. शेतातली काळी माती, भरपूर शेणखत, दोन वेळा पाणी... एवढे लाड करून रोप बुडाशी सडलं होतं.

"पाणी पाजून मारलं की." सोमेश्वरने हसत पाच हिरवे शेंडे खुडले, खालची पानं काढून वाळूत खोचले. "वाळू, विटांचा चुरा, चिमूटभर चुना. सकाळचं ऊन, दुपारची सावली. अन् बहरासाठी मोसंबीचं पाणी तोडून ताण देतो ना, तसा ताण द्या. माती सुकल्याबगर पाणी बिलकुल न्हाई."

कुंडी देताना बोटांना बोटं लागली. 'ताई' त्याच दिवशी गळालं.

मग दर गुरुवारी तृप्तीला एक शंका यायची. वाळलेली फुलं खुडू का? हे पान असं का? पान अगदी छान असायचं. वैशाखात चार शेंडे करपले, पाचवा मात्र तगला.

दिवाळीनंतर तिच्या वडिलांनी, म्हणजे काकासाहेबांनी, स्थळ आणलं. तृप्तीने ते सोमेश्वरला सांगितलं. झारी धरलेला त्याचा हात थांबला.

"चांगलंच हाय मंग," एवढंच तो म्हणाला.

तिला राग आला, रडूही आलं. जीव त्याचाही जडला होता, हे काय तिला कळत नव्हतं? पण गडी बोलेल तर ना. घरी कुंडीकडे बघता बघता तिला मोसंबी आठवली, आणि तिने त्यालाही ताण द्यायचं ठरवलं.

एक गुरुवार ती गेली नाही. दुसरा, तिसरा, चौथाही. घर त्याच रस्त्यावर, खिडकीतून मात्र बघायची. टेम्पो अंधार पडेपर्यंत हलत नव्हता.

पाचव्या गुरुवारी सोमेश्वर दारात उभा. इस्त्रीचा शर्ट, सोबत आई सगुणाबाई.

"रोपं आणलीत का?" काकासाहेबांनी विचारलं.

"न्हाई काका... तृप्तीला मागणी घालायला आलो."

"महिना झाला, पोरगं बराबर जेवत न्हाई, भाऊ," सगुणाबाई म्हणाल्या.

काकासाहेबांनी लेकीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली नाही.

"त्या स्थळाला नाही कळवा, बाबा."

"मंग चहा टाक," ते मिशीत हसले.

चहाआधी तृप्तीने कुंडी आणली. तीन फुलं उमलली होती. सगळी बैठक लवंगेच्या वासाने भरली.

"उन्हाळा निघाला. हारलात."

"हारलो," तो खुशीत म्हणाला. "पण महिनाभर का न्हाई आल्या?"

"ताण देऊन राह्यले होते. बहर धरायचा होता."

सगुणाबाईंना हसू आवरेना.

"आता मी म्हणेन ते," तृप्ती म्हणाली. "लग्नानंतर गुरुवारचा टेम्पो मी चालवणार."

सोमेश्वरने खिशातून किल्ली काढली आणि सगळ्यांसमोर तिच्या हातावर ठेवली.