दोर म्हणेल त्याने पाजायची

“अहो, थांबा. सोडू नका ते... ते हातातलं!”

एका हातात बॅग, दुसऱ्या हातात वाऱ्याने उलटी झालेली छत्री आणि सगळे केस तोंडावर, अशा अवतारात कोंके बंदराच्या धक्क्यावरून ओरियान धावत होती. बेटावर जाणारी दुपारची बोट सुटायच्या बेतात होती. खुंट्यावरचा जाडजूड दोर काढता काढता खलाशी थांबला. पिवळा रेनकोट, वाढलेली दाढी आणि डोळे... डोळ्यांचं नंतर सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्या डोळ्यांनीच घातला.

“काय नको सोडू?”

“ते हो. तुमच्या हातात आहे ते.”

“ह्याला काहीतरी नाव असेल ना?”

“असेल. मी घेत नाही.”

तो हसला. “सिनेमावाल्या की नाटकवाल्या?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“बाकीचे प्रवासी बिनधास्त नाव घेतात. मग आमच्या कप्तानबाई अशा काही बघतात, की बिचाऱ्यांना धक्क्यावरच बोट लागते. बोटीवर ह्याचं नाव घ्यायचं नाही. अपशकुन.”

“आमच्या सेटवरही नाही. जो म्हणेल त्याने सगळ्या युनिटला पाजायची.”

“माझी आत्या सांगायची, जुन्या काळी नाटकाचे पडदे ओढायला खलाशीच ठेवायचे. म्हणजे नियम आमचा. तुम्ही लोकांनी पळवलाय.”

“आधी चढू का? मग ठरवा कोण चोर ते.”

त्याने हात पुढे केला. हात ओला होता, गार होता, आणि गरजेपेक्षा जरा जास्त वेळ तिच्या हातात राहिला. का राहिला, हे दोघांपैकी कोणी विचारलं नाही.

पॅरिसहून आलेल्या ओरियानचा तो दिवस उजाडलाच वाईट होता. आजवर तिने दोन छोट्या फिल्म केल्या होत्या. त्या महोत्सवांत फिरल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या, ‘नव्या पिढीचं आश्वासक नाव’ वगैरे छापून आलं, आणि त्या आश्वासनावर तिने किती वर्षं काढली ते तिचं तिला ठाऊक. आता कुठे पहिला मोठा सिनेमा मिळाला होता. शूटिंग पंधरवड्यावर आलेलं, आणि सकाळी हिरोने कळवलं की त्याला टीव्हीवरची मालिका मिळालीय, माफ कर. आता हिरोशिवाय लोकेशन बघायला निघालेली दिग्दर्शिका म्हणजे नवऱ्याशिवाय वरातीला निघालेली करवलीच.

बोट खाडीबाहेर पडली. रिमझिम सुरू होती. खलाशाने न मागताच कॉफीचा कप आणून तिच्यासमोर ठेवला.

“रडताय का?”

“समुद्राचं पाणी उडतंय.”

“ह्या बाजूला उडत नाही.”

तिने वर पाहिलं. तो तिच्याकडे बघत होता. उगाच नाही, चोरून नाही, अगदी सरळ. जगात दुसरं काही बघण्यासारखं नाहीच असं. ओरियानच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसरं आलं ते असं, की हा चेहरा पडद्यावर हवा.

“सिनेमात काम कराल?”

“पॅरिसमध्ये ओळख वाढवायची असली की असं विचारतात का?”

“नाही हो. खरंच विचारतेय.”

“मग वाईट वाटलं,” तो म्हणाला. “एवेन. नाव माझं. काम काय करायचंय?”

“हेच. खलाशाचं. तो धक्क्यावर उभा असतो. त्याचं जिच्यावर प्रेम आहे ती गाव सोडून पॅरिसला चाललीय. तो तिला म्हणतो ‘जा’, आणि बोट सोडून देतो.”

“मूर्खच दिसतो.”

“ते तुम्ही पडद्यावर सिद्ध करा.”

रस्त्यावरचा माणूस उचलायचा आणि कॅमेऱ्यासमोर उभा करायचा, ही आमच्या तरुण दिग्दर्शकांची जुनीच खोड. कधी नशीब फळफळतं, कधी डोक्याला हात लावायची पाळी येते. ओरियानच्या वाट्याला दोन्ही आलं.

एवेन बोलायचा छान, चालायचा छान, थांबायचा तर त्याहून छान. फक्त एक भानगड होती. कॅमेऱ्याशेजारी ओरियान उभी असली, की त्याची नजर हिरॉइनवरून सुटायची आणि घसरत घसरत तिच्याकडे यायची. सिबिल, म्हणजे हिरॉइन, पट्टीची नटी. दहा सिनेमे करून बसलेली. ती समोर उभं राहून डोळ्यांत पाणी आणायची, आणि हा तिच्या कानाच्या बाजूने दिग्दर्शिकेकडे बघायचा.

“कट,” कॅमेऱ्यामागून जेनेबा ओरडायची. “घसरली परत.”

“एवेन, माझ्याकडे नाही बघायचं,” ओरियान म्हणायची.

“मी बघितलं?”

“पुन्हा बघतोयस. आत्ता.”

“आता तर तुम्हीच बोलताय. मग बघू कुठे?”

शेवटी मासळीच्या रिकाम्या क्रेटची भिंत रचली गेली, आणि ओरियान तिच्यामागे कॅमेऱ्याला जोडलेला छोटा पडदा घेऊन बसायला लागली. डोक्यावर छत्री, अंगाला बांगड्याचा वास. ‘आमची दिग्दर्शिका बाजारातून पिक्चर काढते’ अशी युनिटमध्ये थट्टा चालायची. पण उपाय लागू पडला. छोट्या पडद्यावर एवेन सिबिलकडे बघायचा, आणि क्रेटमागे ओरियानला वाटायचं, आपल्याकडे बघत असताना बरं होतं.

सेटवर आमच्याकडे सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. चहावाल्यापासून निर्मात्यापर्यंत. एवेनही दोन दिवसांत सगळ्यांना तू म्हणायला लागला. ओरियान सोडून.

“मलाच का अहो-जाहो?” एका संध्याकाळी तिने विचारलं. दोघं धक्क्यालगतच्या खानावळीत बसली होती. समोर गव्हाळ रंगाचं जाळीदार धिरडं, त्यावर वितळलेलं चीज, आणि वाडग्यातून सफरचंदाची सायडर.

“ते एक जपून ठेवलंय.”

“काय?”

“तू म्हणायचं.”

“कधीसाठी?”

“बघू,” तो म्हणाला आणि धिरड्याचा करपलेला कडक कोपरा, तिला आवडतो म्हणून, तिच्या ताटलीत सरकवला. कोणी सांगितलं होतं ह्याला, कोण जाणे. ओरियानने तो खाल्ला आणि खिडकीबाहेर बघत राहिली, कारण आत बघायची सोय नव्हती.

जेनेबा तिची शाळेपासूनची मैत्रीण. तिने त्याच आठवड्यात कॅमेऱ्याची काच पुसता पुसता सुनावलं, “शूटिंगमधली प्रेमं शेवटच्या दिवशी सामानाबरोबर ट्रकमध्ये भरतात, बाई. पॅरिसला जाऊन ट्रक उघडला की आत निघतात नुसत्या वायरी.”

“मी काय केलंय?”

“काही नाही. तेच तर सांगतेय. काही करू नकोस.”

ओरियानने ऐकलं. कारण तिने हे होताना पाहिलं होतं, एकदा तर तिच्या स्वतःच्याच बाबतीत. तेव्हा चांगल्या दोन फिल्मएवढं रडून झालं होतं. म्हणून ती क्रेटमागे बसून राहिली, कामापुरतं बोलली, आणि रोज रात्री ठरवलं की उद्या त्याच्याशी जरा कमी हसायचं. सकाळी तो धक्क्यावर दिसायचा आणि ठरवलेलं सगळं पाण्यात.

बघता बघता शेवटचा दिवस आला.

शेवटचाच प्रसंग उरला होता. तोच तो. ती बोटीवर, हा धक्क्यावर, ‘जा’ म्हणायचं, दोर सोडायचा. बोट त्या संध्याकाळपुरतीच मिळाली होती, दुसऱ्या दिवशी ती बेटाच्या फेऱ्यांना लागणार होती आणि युनिट पॅरिसला जाणार होतं. हा शॉट झाला नाही तर सिनेमाला शेवट नाही, आणि बिनशेवटाचा पहिला सिनेमा करणाऱ्याला दुसरा कोण देतो? सूर्य खाली सरकत चालला होता. असिस्टंट बास्तियाँ दर दोन मिनिटांनी आकाशाकडे बघून उसासा टाकत होता.

पहिला टेक. एवेनने दोर हातात घेतला, सिबिलकडे पाहिलं, तोंड उघडलं. शब्दच नाही.

दुसरा टेक. “जा,” तो म्हणाला. तहसीलदाराने पक्षकाराला म्हणावं तसं.

तिसऱ्याला नजर घसरली. चौथ्याला पुन्हा. क्रेटची भिंत होती, तरी तिच्या फटीतून.

ओरियान उठून त्याच्याकडे गेली. “एवेन, काय झालंय? महिनाभर इतकं सुंदर केलंस.”

“हे वाक्य येत नाही.”

“एकच तर शब्द आहे.”

“तोच येत नाही.”

त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. ओरियानला भीती वाटली, आणि ती फक्त सिनेमापायी नव्हती.

बोटीच्या कठड्याला टेकून सिबिल हे सगळं बघत होती. तिने शांतपणे अंगातला लाल कोट काढला. “ओरियान, इकडे ये. शॉट त्याच्या चेहऱ्याचा आहे ना? मी तर दिसतच नाही. माझ्या जागी तू उभी राहा. त्याला तुझ्याकडेच बघायचंय तर बघू दे की एकदाचं. मी तिकडे क्रेटमागे बसते, बघू तरी कसं वाटतं.”

“असं कुठे असतं का?”

“उजेड किती उरलाय?” सिबिलने विचारलं.

“काही नाही उरला,” बास्तियाँ रडवेल्या आवाजात म्हणाला.

ओरियानने लाल कोट घातला आणि बोटीवर चढली. कप्तानबाईंनी इंजिन सुरू केलं. कॅमेरा धक्क्यावर, जेनेबा कॅमेऱ्यामागे. आता ओरियानसमोर छोटा पडदा नव्हता. तिला फक्त एवेन दिसत होता. त्याच्या मागे किनाऱ्याचे दगड, वर सोनेरी ढग. आणि ते डोळे, आता कुठेही न घसरणारे.

“ॲक्शन,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

तो बघत राहिला. बोट हलली, दोर ताणला गेला, करकरला. धक्क्यावर वीस माणसं श्वास रोखून उभी.

“नाही म्हणता येत,” एवेन म्हणाला. “तू म्हणतेस हा दोर सोड. दोर सोडला की तू जाणार. मला नाही सोडायचा हा दोर.”

तीनदा. एका दमात तीनदा. बास्तियाँने तोंडावर हात दाबला. सुकाणूच्या केबिनमधून कप्तानबाईंचं डोकं बाहेर आलं. कोणी हसलं नाही, कारण कॅमेरा चालू होता, आणि कारण ‘तू’ सगळ्यांनीच ऐकलं होतं.

आता ‘कट’ म्हणायचं काम ओरियानचं. ते तिच्या ओठांवर आलंही. पण जेनेबाने कॅमेऱ्यामागून डोकं वर काढलं, मैत्रिणीकडे एकवार पाहिलं, आणि काही न बोलता पुन्हा डोळा लावला. म्हणजे, तुझं तू बघ.

“एवेन,” ओरियान कठड्यावरून वाकून म्हणाली, “सोमवारी मला एडिटिंगला पॅरिसला जायचंय. जावंच लागेल.”

“माहितेय.”

“मला भीती वाटते, की तिथे गेल्यावर हे सगळं वायरींसारखं...” तिने दोन्ही हातांनी कठडा धरला. “माझं तुझ्यावर प्रेम आहे रे. क्रेटमागे बसून बसून अंगाला बांगड्याचा वास लागला, पण ते काही गेलं नाही.”

दोरावरची एवेनची मूठ घट्ट झाली.

“आणि मला एक सांग. ही बोट रोज जाते ना?”

“जाते.”

“मग संध्याकाळी तिला बांधतं कोण?”

एवेनला तिचं म्हणणं उमगत गेलं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. आधी भुवया, मग डोळे, मग दाढीत लपलेलं हसू.

“मीच,” तो म्हणाला.

“तर मग?”

“तर मग...” त्याने खुंट्यावरून दोर काढला. ढगाखालून उन्हाची शेवटची तिरीप त्याच्या तोंडावर आली. डोळे भरलेले, ओठ हसणारे. अगदी हळू, लेकराला शाळेच्या दारात सोडावं तशा मायेने तो म्हणाला, “जा.”

दोर पाण्यात पडला. बोट सुटली.

खलाशी ‘जा’ म्हणतो तेव्हा त्याचं काळीज फाटतं, असं ओरियानने लिहिलं होतं. तिचं चुकलं होतं. परत येणार हे ठाऊक असलेल्या माणसालाच ‘जा’ असं म्हणता येतं. आपला सिनेमा आपल्यापेक्षा शहाणा निघाला हे तिला त्या क्षणी कळलं, आणि ती लाल कोटात तोंड खुपसून मनसोक्त रडली. समुद्राचं पाणी त्या बाजूला मुळीच उडत नव्हतं.

धक्क्यावरून जेनेबाची आरोळी आली. “कट. मिळालं गं. सगळं मिळालं.”

कप्तानबाईंनी दीपस्तंभाला वळसा घालून बोट फिरवली. “त्या पोराला सांग,” त्या गुरगुरल्या, “तीनदा बोललाय. आम्ही बोटीवालेपण येणार प्यायला.”

धक्का जवळ आला. एवेन खुंट्याशी उभा होता, रोजच्यासारखा. मागे सगळं युनिट रांगेत, ग्लास मिळायचाच अवकाश. ओला दोर ओरियानने स्वतःच ओढून घेतला. जड होता, हातांना खाज सुटत होती, आणि नीट फेकायचा कसा हे तिला मुळीच येत नव्हतं.

“एवेन,” ती मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “दोर घे.”

सगळीकडे एकच गलका झाला. एवेनने वेडावाकडा आलेला तो दोर हवेतच झेलला, खुंट्याला दोन वेढे घातले आणि तिला उतरवायला हात पुढे केला.

“आता तुलाही पाजावी लागणार,” तो म्हणाला.

“अर्धी-अर्धी,” ओरियान म्हणाली, आणि या खेपेला तिने त्याचा हात सोडलाच नाही.